निकालाच्या दुसऱ्या सकाळी शिक्षक हवेत

बारावीचा निकाल लागला की गोव्यात ठरलेला वाद सुरू होतो. पर्वरीहून शिक्षण मंडळ निकाल जाहीर करतं, संध्याकाळी मोबाइलवर आकडे येतात आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत शंभर टक्के निकाल लागलेल्या हायर सेकंडरींच्या याद्या. एक बाजू म्हणते, हे गुणवंतांचे फ्लेक्स उतरवा, मुलांवर ताण येतो. दुसरी विचारते, मेहनत केलेल्या पोरांचं कौतुक करायचं नाही तर कोणाचं करायचं? पेपर कठीण होता का, तपासणी कडक झाली का, खेळाच्या गुणांवर कोण तरलं, यातही चार दिवस जातात. इंग्लंडमध्ये स्विंडनला बसून मी हे सगळं वाचते. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण या वादात एक मूल कुठेच नसतं. पास झालेलं, पण मनासारखे मार्क न पडलेलं.

नापास झालेल्यासाठी पुरवणी परीक्षा असते, म्हणजे निदान पुढची एक तारीख असते. वर आलेल्यासाठी सत्कार असतो. मधल्याला सगळे म्हणतात, "पास झालास ना, मग तोंड पाडून का बसलास?" त्याला वाईट वाटायचीही मुभा नाही.

माझी भाची फोंड्याला सायन्सला होती. ८० टक्क्यांची आशा होती, पडले ६१. फिजिक्सने घात केला. हल्ली बारावीच्या टक्क्यांना पूर्वीचं वजन उरलं नाही असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे: मेडिकलला नीट आहे, फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजसाठीही प्रवेश परीक्षा आहे. पण तिच्या डोक्यात कुंकळ्ळीची एनआयटी होती. तिथे जेईईबरोबर बारावीला ७५ टक्के तरी हवेत, नाहीतर आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये बसावं लागतं. ते त्या संध्याकाळीच संपलं. बहीण सांगत होती, रात्री नऊपर्यंत नातेवाइकांचे फोन चालू होते आणि पोर खोलीतून बाहेर आली नव्हती.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परदेशातल्या आम्हा मंडळींचे संदेश आले. "मार्कांनी काही ठरत नाही", "आयुष्य खूप मोठं आहे". हेतू चांगलाच, पण मला हे बोलणं मान्य नाही. आपल्यातले बहुतेक जण मार्कांच्याच जोरावर इथे पोचलो. डिग्री झाली, तिची गुणपत्रिका व्हिसाच्या किंवा नोकरीच्या फाइलला जोडली गेली, म्हणून आज इथे पौंड नाहीतर दिरहम कमावतो. ज्या मुलीचं एक कॉलेज खरोखर हुकलंय तिला काहीच हुकलं नाही असं सांगणं म्हणजे तिचं दुःख खोटं ठरवणं. हुकलंय हे आधी कबूल करावं. पुढचं बोलणं त्यानंतर.

मी इथे एका माध्यमिक शाळेच्या परीक्षा विभागात काम करते. ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल ऑगस्टच्या मध्यावर, गुरुवारी सकाळी आठला लागतो. आदल्या दिवशी आम्ही पाकिटं आडनावांप्रमाणे लावून ठेवतो. सकाळी हॉलच्या एका बाजूला पाकिटांची टेबलं, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेले शिक्षक. शाळांना सुटी असते, तरी ते येतात. हवा तो ग्रेड न पडलेलं मूल पाकीट घेऊन सरळ त्या टेबलाकडे जातं. युनिव्हर्सिटीसाठी बहुतेकांनी आधीच दोन पसंत्या धरलेल्या असतात, एक पक्की आणि एक कमी ग्रेडची, अडल्यावेळची. तीही हुकली तर क्लिअरिंग नावाची व्यवस्था आहे: कुठे जागा रिकामी आहे ते बघायचं आणि तिथे बसूनच फोन लावायचा. गेल्या ऑगस्टमध्ये एक मुलगा फोनवर बोलताना रडत होता. त्याची केमिस्ट्रीची बाई शेजारी बसून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहीत होती, पुढे काय विचारायचं ते. वीस मिनिटं ती उठली नाही. काही मुलांना कमी पडणार हे इथे आधीच धरलेलं असतं आणि त्या वेळी कोणी कुठे बसायचं तेही ठरलेलं असतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र कोणी समजू नये. २०२० साली परीक्षा झाल्या नाहीत तेव्हा ऑफक्वाल या नियामक संस्थेच्या गणिती सूत्राने ग्रेड ठरवले, आणि शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा जवळजवळ ४० टक्के ग्रेड खाली आले. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत गणिताला किंवा इंग्रजीला ४ ग्रेड, म्हणजे पासापुरता, नाही पडला तर अठरापर्यंत तो विषय शिकत राहावा लागतो. बहुतेकांना पुन्हा बसूनही ४ गाठता येत नाही. नोव्हेंबरच्या फेरपरीक्षेला येणाऱ्या त्या मुलांचे चेहरे बघवत नाहीत. शिवाय शाळेतून घरी गेल्यावर इथलं मूल पुष्कळदा एकटंच असतं. माझ्या भाचीच्या दाराशी आजी पेज घेऊन बसली होती, दार उघडेपर्यंत. आजीची ती सोबत इथल्या शाळेला कुठून देता येणार?

पण आजी फिजिक्सचा पेपर वाचू शकत नाही.

तो वाचून दाखवणारं कोणी आपल्याकडे मिळत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. सीबीएसईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकाराखाली हे स्पष्ट केलं. आपलं मंडळही झेरॉक्स देतं. तरी घराघरांत चर्चा होते ती पुनर्मूल्यांकनाचीच: दोन-चार मार्क वाढतील का? भाचीने झेरॉक्स मागवली. वाड्यावर राहणारे एक निवृत्त सर ती घेऊन तिच्याबरोबर ओसरीवर बसले. लेन्सच्या गणितात सूत्र बरोबर, आकृती बरोबर, पण वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं राहिलं होतं. तरीही तपासनिसाने पायऱ्यांचे मार्क दिले होते. शेवटचा मोठा प्रश्न अर्ध्यावर सुटला होता आणि तिथे अक्षर पार वाकडं झालं होतं. सरांनी विचारलं, "इथे किती वेळ उरला होता?" ती म्हणाली, "सात-आठ मिनिटं." फोनवर मला म्हणाली, "मावशी, तपासणी बरोबर आहे. मला वेळ पुरला नाही." त्या संध्याकाळपासून 'मी ढ आहे' हे तिचं पालुपद बंद झालं. दुःख आहेच, कुंकळ्ळीचं नाव निघालं की गप्प होते. पण आता तिला कळलंय की कमी नक्की काय पडलं.

तिच्या वाड्यावर सर होते. सत्तरी, सांगे, काणकोण अशा दूरच्या तालुक्यांतल्या मुलांनी कोणाला शोधायचं? बारावीचे वर्ग केव्हाच संपलेले असतात, हायर सेकंडरीत जायचं ते गुणपत्रिका आणि दाखला आणायला. म्हणून माझी मागणी साधी आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक हायर सेकंडरीने सकाळचे चार तास विषयशिक्षकांना वर्गात बसवावं. झेरॉक्ससाठी अर्ज कसा करायचा, या मार्कांवर कुठे प्रवेश मिळेल, इंजिनिअरिंगची यादी केव्हा लागेल, हे तिथे विचारता यावं, आणि रडायचं असेल तर रडताही यावं. शिक्षकांना त्या दिवसाची बदली रजा द्यावी, कारण हे कामच आहे. याला कायदा लागत नाही, मोठा खर्चही नाही, मुख्याध्यापकांनी एक सूचना काढली की झालं. आणि ती सकाळीच हवी, कारण झेरॉक्सच्या अर्जाची मुदत निकालापासूनच मोजली जाते.