पिल्लाची किंमत विचारू नका, वजन विचारा

घरात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन असं काही असलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पिल्लू केवढ्याला पडलं?" माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बिनकामाचा आकडा तोच. एकदाच जातो आणि विसरला जातो. विचारायचंच असेल तर विचारा, पूर्ण वाढल्यावर किती किलोचं होणार? आणि त्याला पळवणार कोण?

आधी किलोंचं बोलू. रेबीजच्या लशीचा डोस चिहुआहुआला जेवढा, तेवढाच ग्रेट डेनला. लशींइतका उदारपणा पुढे कुठे भेटत नाही. भूल, सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक, सगळं किलोवर मोजलं जातं. गोचीड-पिसवांच्या गोळ्यांचे वजनानुसार गट पाडलेले असतात, आणि आपला कुत्रा का कोण जाणे, नेहमी वरच्या गटात अर्ध्या किलोने घुसलेला असतो. आपण गावाला जाताना कुत्रा सांभाळणारे बोर्डिंगवाले दर सांगण्याआधी कुत्र्याचा आकार विचारतात.

गंमत म्हणजे खर्चाचा अंदाज बांधताना बहुतेक जण फक्त खाणं धरतात, आणि नेमकं खाणंच वजनाच्या पटीत वाढत नाही. कुत्र्याला दिवसभर नुसतं पडून राहायला किती कॅलरी लागतात, याचं व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) लोकांचं एक सूत्र आहे: किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. पाच किलोच्या कुत्र्याला साधारण २३५ कॅलरी, तीस किलोच्याला ९०० च्या आसपास. म्हणजे वजन सहापट, पण खाणं चौपटीलाही थोडं कमीच. औषध मात्र सहापट. त्यामुळे "दोन वेळचं घालू की, त्यात काय" म्हणणाऱ्या माणसाचा हिशोब खाण्यापुरता बरोबर असतो आणि पहिल्या मोठ्या आजारपणात कोसळतो.

आणि मोठ्या कुत्र्यांची आजारपणंही मोठी. जर्मन शेफर्ड, लॅब (म्हणजे लॅब्राडोर), गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष (हिप डिसप्लेशिया) बराच आढळतो. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर ऑपरेशन, मग कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती. एक गुडघा गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो. डॉबरमनच्या हृदयाचं तर वेगळंच प्रकरण आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

पण ज्याबद्दल प्रत्येक मोठ्या कुत्र्याच्या घरात माहिती हवीच, ते म्हणजे पोटाला पीळ पडणं. छाती खोल असलेल्या जातींत, ग्रेट डेन, वायमरानर, सेटर, जर्मन शेफर्ड यांच्यात धोका जास्त. पोट वायूने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, पोट टणक लागतं. यात "सकाळी बघू" नसतं. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर कुत्रा जातो. पैशांचा निर्णय तेव्हा मध्यरात्री, रडणाऱ्या माणसांमध्ये घ्यावा लागतो. म्हणून मी म्हणते, पिल्लू आणायच्या आधी एका मोठ्या ऑपरेशनपुरते पैसे बाजूला असू द्या. नसतील तर छोटा कुत्रा आणा. त्यात कमीपणा कसला? धोक्याच्या जातींत नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. पीळ पडण्याचा धोका त्याने फार कमी होतो. तुमच्या व्हेटला विचारा.

आता पळवण्याचं. जाती शोभेसाठी घडलेल्या नाहीत. जर्मन शेफर्डची जात म्हणून पहिली नोंद १८९९ सालची, मेंढ्या राखण्याच्या कामासाठी. डाल्मेशियन घोडागाड्यांबरोबर धावायचा. हस्की बर्फात स्लेज ओढायला. ती ताकद आणि ते डोकं पिल्लाबरोबर घरी येतं, काम मात्र येत नाही. मग सोफा फाडणं, दार उकरणं, तासन्‌तास भुंकणं. लोक याला खोडकरपणा म्हणतात. मी बेकारी म्हणते.

हा खर्च तासांत भरायचा असतो, रोज, पाऊस असो की ताप. पैसे देऊन फिरवणारा माणूस मिळतो, पण नातं त्याच्याशीच जुळतं. आणि नुसतं दमवण्याचाही सापळा आहे. जितका पळवाल तितका त्याचा दम वाढतो, पुढच्या महिन्यात त्याला आणखी लागतं. त्यापेक्षा वासाचे खेळ, लपवून ठेवलेलं जेवण शोधायला लावणं, शिस्तीचे छोटे सराव. डोकं दमलं की कुत्रा खरंच झोपतो, आणि याला पैसा लागत नाही. माझ्या मते पैसा कमी पण वेळ भरपूर असलेलं घर, गच्चीत मॅलिन्वासारखा कामसू, चपळ कुत्रा बांधून ठेवणाऱ्या श्रीमंत घरापेक्षा कुत्र्याला कितीतरी बरं.

खर्च वाचवायचा एक खात्रीचा उपाय आहे, आणि तोच कोणी करत नाही: कमी घाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडोर जन्मभर पाहिले होते. ज्यांना बाकीच्यांपेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं ते त्यांच्याहून सरासरी पावणेदोन वर्षांपेक्षा थोडं अधिकच जगले, आणि त्यांच्यात सांधेदुखी उशिरा सुरू झाली. लॅबवाल्यांची अडचण मला मान्य आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक भागल्याचं कळवणाऱ्या जनुकात बिघाड असतो. त्याचे ते डोळे नाटकी नसतात, त्याला खरंच भूक लागलेली असते. तरी नाहीच द्यायचं. पाहुण्यांनाही सांगून ठेवा, वाईटपणा आला तरी चालेल.

म्हातारपणाचा हिशोब तर कोणीच करत नाही. पस्तीस किलोचा कुत्रा मागच्या पायांवर उठेनासा झाला की त्याला रोज चार-पाच वेळा उचलून बाहेर न्यावं लागतं. मूठ असलेला हार्नेस, फरशीवर न घसरणाऱ्या चटया, गाडीत चढायला उतार, हे सगळं मिळतं. उचलणारे हात आपलेच. पंचेचाळिसाव्या वर्षी पिल्लू आणणारा तेव्हा पंचावन्न ओलांडून गेलेला असतो.

हे वाचूनही ज्यांना मोठाच कुत्रा हवा आहे (मला कळतं, मलाही हवाच असतो), त्यांनी ब्रीडरकडे पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. तो चिडला तर रिकाम्या हाताने परत या. त्याहून बरं म्हणजे बेघर कुत्री सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये तीन-चार वर्षांचे मोठे कुत्रे घराची वाट बघत असतात, ते आधी पाहून या. किती मोठा होईल, स्वभाव कसा निघेल, ही धाकधूक तिथे उरलेली नसते. तासभर त्याला फिरवून आणा आणि मगच ठरवा.