आकडा जुळला म्हणजे साठा जुळला नव्हे

'ग्रंथपालांनो, सावध राहा' अशा मथळ्याचा एक मजकूर कोकणातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. माझी भाची यंदाच ग्रंथालयात रुजू झाली. तिला तो तीन ठिकाणांहून आला आणि ती कपाटांना कुलपं शोधायला लागली, म्हणून हे लिहावं लागतंय. मजकुरातले दावे असे: संगणकीकरण झालं असेल तर साठा पडताळणीची, म्हणजे नोंदलेली पुस्तकं खरोखर जागेवर आहेत का हे बघण्याची, गरज नाही, करायचीच तर पुस्तकं मोजा, एकूण आकडा दाखल नोंदवहीशी (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ठेवलेल्या वहीशी) जुळला की काम संपलं, एक पुस्तक कमी भरलं तरी पैसे ग्रंथपालाच्या पगारातून कापतात, म्हणून विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत येऊ देऊ नका, आणि सगळं गणपतीच्या सुट्टीत उरका.

पहिल्या दाव्यावर वेळ घालवायला नको. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा असो की सोल, आपण नोंदवलं तेवढंच संगणकाला कळतं. देवघेवीत नोंद न होता दाराबाहेर गेलेलं पुस्तक पडद्यावर वर्षानुवर्षं 'उपलब्ध'च दिसतं.

आकडा जुळवण्याचा सल्ला मात्र निव्वळ अडाणीपणाचा आहे. समजा, नोंदवहीत १८,००० नोंदी आणि कपाटांत १८,००० प्रती. त्या प्रतींत ४० पुस्तकं निवृत्त प्राध्यापकांनी भेट दिलेली, अजून दाखल क्रमांक न पडलेली निघाली, तर ४० दाखल पुस्तकं गायब आहेत आणि बेरजेला त्याचा पत्ताच नाही. कनिष्ठ महाविद्यालयाची पुस्तकं मिसळली असतील, निर्लेखित (ठराव करून साठ्यातून कमी केलेल्या) प्रती कपाटातच राहिल्या असतील, तरी हेच होतं. प्रत्येक दाखल क्रमांकासमोर त्याची प्रत हातात घेऊन बघणं, याला पडताळणी म्हणतात.

त्यासाठी दोघांची जोडी लागते. एकाने पुस्तक काढून आतल्या शिक्क्यावरचा क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने बारकोड स्कॅन करून दोन्ही एकच आहेत ना हे बघायचं. चुकीच्या पुस्तकावर चिकटलेली लेबलं इथेच सापडतात. एका प्रतीला १० सेकंद धरले तर तासाला ३६०, दिवसाच्या पाच तासांत १,८००. म्हणजे १८,००० प्रतींना एका जोडीचे दहा दिवस. प्रत्येक कपाटाची फाइल वेगळी ठेवा, एका ओळीत एक बारकोड. ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ००१२३४ चं १२३४ होतं आणि कोहाला तो बारकोड सापडतच नाही. साधं नोटपॅड वापरा. आणखी एक: कोहाच्या इन्व्हेंटरीत (पडताळणीच्या भागात) 'चेक इन करू नका' हा पर्याय निवडला नाही, तर कुणाच्या नावावर असलेलं पुस्तक स्कॅन होताच परत आल्याची नोंद होते. ते कपाटात कसं आलं, हे विचारायची संधी गेली.

शेवटच्या यादीत जे 'दिसलं नाही', ते लगेच गहाळ धरू नका. बांधणीला गेलेली, विभागाच्या कपाटात नाहीतर प्रयोगशाळेत पडून असलेली पुस्तकं आधी वजा करा. मग चुकलेल्या जागा: ड्युई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, ५३७ मधलं विजेवरचं पुस्तक ५७३ मध्ये प्राण्यांच्या शरीरक्रियेत जाऊन बसलेलं असतं. दोनदा शोधूनही जे उरतं, त्याचीच यादी ग्रंथालय समितीपुढे जाते. निर्लेखनाचा ठराव झाला की नोंदवहीच्या शेऱ्यात ठराव क्रमांक आणि तारीख लिहायची. नोंद खोडायची नाही, तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही.

आता पगारकपातीची भीती. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ या लोकांनी एकदा उघडून वाचावा. वर्षभरात दिलेल्या आणि वाचायला घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांची हानी तो वाजवी मानतो, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांहून महाग पुस्तक किंवा कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर मात्र चौकशी हवीच. तेव्हा जबाबदारी अजिबात नसते असं मीही म्हणणार नाही. अनुदानित कॉलेजाला संस्थेचे आणि राज्याचे नियमही बघावे लागतात. पण समितीपुढे ठेवायला हा आधार भक्कम आहे. आणि कुलपाचा हिशेब बघा. वर्षाला १२,००० पुस्तकं हाताळली गेली तर ६० ची हानी वाजवी. कपाटं बंद करून वापर २,००० वर आणला तर फक्त १०. म्हणजे कुलूप लावून विद्यार्थ्याचं नुकसान आणि स्वतःची सवलतही कमी. याच नियमानुसार २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर संपूर्ण पडताळणी दरवर्षी, ५०,००० पर्यंत निदान तीन वर्षांतून एकदा आणि त्यापुढे नमुना पडताळणी. त्यात तूट अवाजवी दिसली तर पुन्हा संपूर्ण.

राहिली गणपतीची सुट्टी. तेव्हा ग्रंथालय रिकामं असतं हे खरं, पण परिचरही आपल्या घरच्या गणपतीला गेलेला असतो. शिवाय भाद्रपदातली दमट हवा! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातली पुस्तकं तेव्हा ओल धरून असतात. बुरशी लागलेल्या पुस्तकावरून फिरवलेलं फडकं पुढच्या पन्नासांवर फिरतं आणि सुटलेली लेबलं स्कॅनर वाचत नाही. परीक्षेनंतर ना-देय (काही देणं बाकी नाही अशा) दाखल्यासाठी बहुतेक पुस्तकं परत येतात, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांतच हे काम करा. कपाटं रिकामी होतील तशी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागे वाळवीची माती आहे का बघा, आणि कसर लागलेल्या प्रती बाकीच्यांत न मिसळता वेगळ्या काढा.