सोसणाऱ्यानेच बाहेर पडायचे?

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमे बंद करण्याचा विचार चालू आहे, असे गोव्याच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी जानेवारी २०२६ मध्ये सांगितले, आणि तेव्हापासून नाशिकच्या आमच्या घरच्या ग्रुपवर मला ऑस्ट्रेलियाचा दाखला ऐकवला जात आहे. "तुमच्याकडे बंदी घातली, विषय संपला. मुलांच्या हातात मोबाईल द्यायचाच कशाला?" असे दादाने लिहिले आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे उमटले. मेलबर्नला चौदा वर्षे काढल्यावर "तुमच्याकडे" या शब्दाची सवय व्हायला हवी होती. ती झालेली नाही. पण या वेळी त्याहून अधिक झोंबले ते "विषय संपला".

विषय संपलेला नाही. १० डिसेंबर २०२५ पासून इथे लागू झालेला कायदा इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी सोळा वर्षांखालील मुलांची खाती राहू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकतो, आणि ती पाळली नाही तर ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंतचा दंड कंपनीला होतो. मुलाला नाही, आईवडिलांनाही नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्यात येत नाही, म्हणजे वर्गातल्या मुलांचे ग्रुप, जिथे एखादीला घेरणे सर्वांत सोपे, ते आहेत तसेच आहेत. दादाला यातली फक्त बंदी दिसते. २०१५ पासून इथे ऑनलाइन सुरक्षेसाठी स्वतंत्र आयुक्त आहे, ही गोष्ट आमच्या वादात एकदाही निघाली नाही. मुलाचा छळ करणारा मजकूर कंपनीने ४८ तासांत हटवला नाही तर या ईसेफ्टी आयुक्तांकडे जाता येते, त्यांनी नोटीस काढली की साधारणपणे २४ तासांत तो हटवावा लागतो, आणि लिहिणाऱ्याला माफी मागायला लावण्याचाही अधिकार त्यांना आहे. २०२१ च्या कायद्याने मोठ्या माणसांसाठीही अशी सोय केली; मात्र तिथे गंभीर इजा करण्याचा हेतू दिसावा लागतो, नुसते मन दुखावून भागत नाही.

ही पायरी उंच ठेवली, ते मला पटते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना २०१२ मध्ये पालघरला अटक झाली होती. त्यांना लावलेले माहिती-तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ कलम, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणे गुन्हा ठरवणारे कलम, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. कायदा सैल असला की तो भलत्याच माणसाच्या मानेवर बसतो.

पण आमच्या घरी कायद्यापर्यंत कोणी जातच नाही. वहिनी सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा इमारतीच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल तीन आठवडे घाणेरडे लिहिले जात होते. "तू ग्रुप सोड," असे दादानेच त्यांना सांगितले. त्यांनी ग्रुप सोडला आणि अर्जही मागे घेतला. लिहिणारे अजून त्याच ग्रुपवर आहेत. मुलीचा मोबाईल काढून घेणे आणि वहिनींना ग्रुप सोडायला लावणे, यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. ज्याने सोसले, त्यालाच बाहेर काढायचे.

हे सगळे मी दादाला लिहून पाठवणार होते, पण हात थांबला, कारण २०२३ मध्ये माझ्याच घरात जे घडले ते लपवून हा वाद घालणे मला जमेना. लेक तेव्हा ईयर एटला, म्हणजे आठवीत होती. मंडळाच्या गणपतीतला तिचा नऊवारीतला फोटो कोणीतरी उचलला, तिच्या नावाने खाते उघडले, आणि ओठांवरची लव मोठी करून त्याखाली रोज नवे काहीतरी लिहायला सुरुवात केली. जेवताना ती फोन पालथा ठेवायची आणि ताटातला वरणभात बोटांनी कडेला सारत राहायची. मला वाटले, परीक्षेचा ताण असेल. एका गुरुवारी शाळेतून वेलबीइंगच्या, म्हणजे मुलांची सुखदुःखे पाहणाऱ्या बाईंचा फोन आला. तक्रारीचा अर्ज लेकीने त्यांच्याजवळ बसून भरला होता. मला काहीच माहीत नव्हते.

"मला का नाही सांगितलेस?" मी विचारले.

"तू फोन काढून घेतला असतास."

ते खरे होते. त्याच वर्षी एका मुलाने तिला वेडेवाकडे लिहिले, तेव्हा मी तिचा फोन महिनाभर कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि "फोटो टाकायचेच कशाला?" असे अगदी माझ्या आईच्या सुरात म्हटले होते. तक्रारीनंतर चौथ्या दिवशी ते खोटे खाते नाहीसे झाले. ती मात्र त्यानंतर नऊवारी नेसलेली नाही.

आणखी एक कबूल करायला हवे. "तुमच्याकडे तक्रारीची सोयच नाही," असे मी दादाला दोनदा सुनावले होते. परवा शोधले तेव्हा कळले की २०२१ च्या नियमांनी भारतातही दुसऱ्याच्या नावाने वावरणाऱ्यांविरुद्धच्या तक्रारीवर कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक तर कितीतरी वर्षे चालू आहे. पुतणी आता तेरा वर्षांची आहे. तिच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि इतक्या लांबून तावातावाने बोलणाऱ्या मलाही नव्हते.

शेवटी लिहिण्याऐवजी मी दादाला फोन केला आणि लेकीचे सगळे सांगितले. इतकी वर्षे ते मी नाशिकला कळू दिले नव्हते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू तरी आम्हाला कुठे सांगितलेस?"