त्या तीन गोळ्या

हळदीकुंकवाहून आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे. टांझानियातल्या दार एस सलाममधल्या आम्हा मराठी बायकांचा नेहमीचा गोतावळा, तिळगूळ, वाण, सगळं झकास. एक नवी मुलगी आली होती, पाचवा महिना लागलेली. तिने सहज विचारलं, क्लिनिकमध्ये मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या देतात, त्या घेऊ का? तिघीचौघी एका सुरात, "छे गं! पोटुशीने कसली औषधं घ्यायची? आणि त्या इथल्या बायकांसाठी असतात."

इथल्या बायकांसाठी! मग आपण राहतो कुठे, कोथरूडला?

मी मात्र तिळगूळ चघळत गप्प बसले. मला बोलायला तोंड नव्हतं.

चार वर्षांपूर्वी आमची दादा पहिलटकरीण होती. (इथे घरकामाच्या बाईला दादा म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि मामा म्हणजे आई. माझ्या आईला हे अजून पचलेलं नाही.) एक दिवस ती क्लिनिकमधून कागदाची पुडी घेऊन आली. आत तीन पांढऱ्या गोळ्या. खरं तर नर्ससमोरच गिळायच्या असतात, पण त्या दिवशी तिथे प्यायला पाणी नव्हतं म्हणे. पुडी ओट्यावर ठेवून तिने विचारलं, "मामा, निमेझे?" गिळू का? आणि मी, बीएस्सी झालेली बाई, म्हणाले, नको, बाळाला उष्ण पडतील.

वर शहाणपणा बघा, पुण्याहून आणलेल्या फॉलिक ॲसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या तिला दिल्या. नंतर कळलं की फॉलिक ॲसिडचा एवढा मोठा डोस त्या तीन गोळ्यांचा असर मारतो. ०.४ चालतो. म्हणजे तिने माझं न ऐकता त्या तीन घेतल्या असत्या, तरी मी घोळ घातलाच होता.

मलेरियाच्या या गोळ्यांना इथे नुसतं एसपी म्हणतात, म्हणजे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, सल्फाचं औषध. चौथ्या महिन्यापासून, दोन डोसांत किमान महिन्याचं अंतर, बाळंतपणापर्यंत निदान तीन वेळा. मलेरियाचे जंतू वारेत (प्लासेंटात) दडून बसतात. आईला ताप येईलच असं नाही, ती हिंडतेफिरते, आणि आत बाळाचं पोषण तुटतं. पहिलटकरणीला धोका जास्त. मलावीने हे १९९३ मध्येच सुरू केलं. आणि आम्ही अजून उष्ण पडेल, थंड पडेल.

हो, पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, सल्फाची ॲलर्जी असेल तर नाहीच. औषधाला जंतू सरावलेत, हेही खरं. भारतात गरोदर बायांना या गोळ्या द्यायची पद्धत नाही, त्यामुळे या बायकांनी ऐकलेलं नसणार. मान्य. पण मग ठाम सल्ले कशाला द्यायचे?

दादाचं बाळ जन्मलं तेव्हा एक किलो नऊशे भरलं. मलेरियामुळेच, असं मला कुणी सांगितलेलं नाही, सांगता येणारही नाही. बाळाला छातीशी बांधून ती बसायची तेव्हा मला ओट्यावरची ती पुडी दिसायची. अजून दिसते. आज तो पोरगा माझ्या कुंड्या उपटतो, दणकट आहे, म्हणून निदान हे लिहू तरी शकते.

चिडले त्या बायकांवर, पण त्या जे बोलल्या ते माझंच वाक्य होतं.

रात्री त्या मुलीला फोन केला. मंगळवारी तिची क्लिनिकची तारीख आहे. मी सोबत जातेय, पाण्याची बाटली घेऊन.