दीड आटा

मिरजेत सतारमेकर गल्लीला लागून घर असण्याचा एक तोटा आहे. शेजाऱ्यांचे कान फार तयार असतात. माझी शंभर सीसीची मोटरसायकल उन्हाळ्याची सुट्टी आणि वरचा अर्धा पावसाळा पत्र्याखाली उभी होती. जुलैत बाहेर काढली तेव्हा चोक ओढून कशीबशी सुरू झाली, पण मूठ सोडली की बंद. मला वाटलं होतं हे माझ्यात आणि गाडीत राहील. तिसऱ्या दिवशी समोरचे चाचा तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "सर, गाडीचा खर्ज गेलाय."

शहाण्या माणसाने गाडी गॅरेजला नेली असती. पण आमच्या भागातला एकमेव चांगला मेकॅनिक माझा माजी विद्यार्थी आहे. बारावीला मी त्याला फिजिक्समध्ये नापास केला होता. आता तो माझ्याकडून पैसे घेत नाही, स्टूल पुसून देतो, चहा मागवतो, आणि गाडीत काय बिघडलंय ते मला सावकाश, सोप्या शब्दांत समजावून सांगतो. एवढा सूड मला पुरेसा आहे.

शिवाय दोष उघडच कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, आणि ते तर माझंच खातं. अरुंद वाटेतून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. बर्नोलीचं तत्त्व शिकवताना हे उदाहरण मी बावीस वर्षं फळ्यावर काढतोय. फळ्यावरच्या कार्बोरेटरला स्क्रू नसतात, हे रविवारी सकाळी नऊ वाजता लक्षात आलं.

पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी काढली, वरची टोपी फिरवली. त्याबरोबर मुठीच्या केबलला लोंबकळत स्प्रिंग, हवेची वाट उघडझाप करणारी स्लाइड आणि लांब सुई बाहेर आली. दहा नंबरच्या पान्ह्याने दोन नट सोडले आणि कार्बोरेटर हातात आला. इथवर मी इतका खूश होतो की बायकोला हाक मारून दाखवला. तिने फक्त वाटी ओळखली. "श्रीखंडाची आहे ती," एवढंच म्हणून ती आत गेली. पेट्रोल त्या वाटीत काढलेलं होतं.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू मात्र निघेनात. दुसऱ्या स्क्रूचं तोंड जायला लागलं तेव्हा चाचा उठून आले. पेट्रोल दिसताच त्यांनी विडी विझवून कानावर ठेवली. खिशातून छोटी हातोडी काढली, स्क्रू ड्रायव्हर स्क्रूवर सरळ धरला आणि वर तीन ठोके दिले. जोरात नाही, दाराशी कुणी ओळखीचं आल्यासारखे. स्क्रू सुटला. "अडकलेल्याला पिळायचं नाही, सर. आधी हलवायचं."

आत मधासारखा चिकट, पिवळा थर होता. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि गाळ मागे राहतो. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे सांगली जिल्ह्यातला माणूस थोडाफार उसावर फिरतो आणि चिकटपणाची तक्रारही करतो.

स्लो जेट उजेडाकडे धरला. आरपार काहीच दिसेना. पेन्सिलीच्या टोकाएवढा हा पितळी तुकडा आणि त्यात सुईचं टोकही जाणार नाही असं भोक. मूठ सोडल्यावर अख्खी गाडी त्या भोकावर जगते. चाचांनी तंबोऱ्याची पोलादी तार पुढे केली. ती मी नाकारली, कारण पितळेत पोलाद घातलं तर भोक मोठं होतं. दिवसभरात मी बरोबर ठरलो ती ही एकच वेळ. जुन्या वायरीतली केसाएवढी तांब्याची तार घातली, सायकलच्या पंपाने हवा मारली आणि भोकातून आकाश दिसलं. टिचभर आकाश, पण मी मिनिटभर बघत बसलो.

जोडणी उलट क्रमाने करावी असं सगळे सांगतात. उलट क्रमात स्लाइडसुद्धा उलटी बसू शकते, हे कुणी सांगत नाही. किक मारली आणि गाडी पूर्ण रेसवर किंचाळली. मूठ सोडलेलीच होती, आता आणखी काय सोडणार? चावी फिरवेपर्यंत गल्लीतले सगळे दरवाजे उघडले होते.

त्यानंतर मी एकटा राहिलो नाही. रस्त्यात गाडी उघडून बसलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. स्लाइड सरळ केली आणि एअर स्क्रूपाशी आलो. हा स्क्रू हलकेच तळाला टेकवायचा आणि साधारण दीड आटा, म्हणजे दीड फेरा, मागे घ्यायचा. दूधवाला म्हणाला, बाहेर घेतला की पेट्रोल कमी होतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, साफ चूक, वाढतं. दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर होते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोल. हे मी समजावू लागलो, तोवर दोघांनी आळीपाळीने पाव-पाव आटा फिरवून टाकला होता.

शेवटी चाचांनी सगळ्यांना मागे सारलं. यांचा जन्म तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावण्यात गेला. घोडीवर तारेखाली दोरा ठेवायचा आणि तो केसभर सरकवत राहायचं, तार बोलेपर्यंत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं तेव्हा मी त्यांचं अभिनंदन करायला गेलो होतो. "कागद चांगला आहे," म्हणाले होते आणि दोरा सरकवत राहिले होते.

डोळे मिटून ते गाडीशेजारी उकिडवे बसले. मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, हे चौदाशेवर फिरतंय. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे मिनिटाला सातशे स्फोट, सेकंदाला जेमतेम बारा. वीसच्या खाली कानाला सूर लागत नाही."

"मी सूर कुठं ऐकतोय? कुठं अडखळतंय ते ऐकतोय. फिरवा. बाहेर. अजून. बास, मागं."

"किती मागं?"

"दोरा सरकवल्यासारखं."

हे मोजमाप माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी श्वास रोखून स्क्रू ड्रायव्हर नुसता मनात फिरवल्यासारखा हलवला. धडधड एकदम सारखी झाली. बँकवाल्यांनीसुद्धा मान डोलावली. चाचांनी कानावरची विडी काढली, पेट्रोलकडे बघितलं आणि ओठात न घेता परत ठेवली.

किती आटे झाले ते मी नंतर स्क्रू तळाला टेकवून मोजणार होतो. हिंमत झाली नाही.

सोमवारी कॉलेजला निघालो. गाडी थंड होती, चोक ओढून सुरू केली आणि त्यांच्या दारावरून जाऊ लागलो. चाचा भोपळ्यावर वाकलेले. मान वर केली नाही, नुसता डावा हात उचलून बोटाने हवेत एक बारीक वळण काढलं.

गाडी बाजूला घेतली. स्क्रू ड्रायव्हर डब्याच्या पिशवीतच होता.