‘आतून सगळी माणसं सारखीच’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘देवाने सर्वांचे शरीर आतून एकसारखे बनवले आहे, ऑपरेशनआधी पुन्हा स्कॅन म्हणजे शुद्ध लूट’ असा मेसेज सध्या फिरतोय, खाली चार मुद्दे आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. एरवी मी सोडून दिलं असतं. पण सोलापुरात अशोक चौकात राहणाऱ्या माझ्या आत्यानं तो वाचून एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय स्कॅन) कॅन्सल केली. तिला पित्ताशयात खडे आहेत, सोनोग्राफीत पित्ताची मुख्य नळी फुगलेली दिसली म्हणून सर्जननं हा स्कॅन सांगितला होता, आणि आता ती म्हणतेय, ‘सगळ्यांचं सारखंच असतंय की रे, कशाला परत पैसे घालायचे?’ मी सीटी-एमआरआयवर टेक्निशियन आहे, रोज माणसं आतून बघतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा तोच, सगळं सारखं असतं. नसतं हो! लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी काढलेल्या १,००० लिव्हरच्या धमन्या अमेरिकेतल्या सर्जननी नोंदवल्या, १९९४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या सर्जरीच्या जर्नलमध्ये ते छापून आलं. पुस्तकातल्या चित्रासारखी रचना सापडली ७५७ मध्ये, म्हणजे जवळपास दर चौथा माणूस वेगळा. १०६ जणांत तर उजव्या बाजूची धमनी, कुणाची मूळचीच तर कुणाची जादाची, आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीतून निघालेली. अशी धमनी पित्ताशयाच्या अगदी जवळून जाऊ शकते आणि ती पित्ताशयाचीच छोटी धमनी समजून तिला बंद करणारी क्लिप लागली तर लिव्हरचं रक्त तुटतं. नळ्यांचंही तेच, पित्ताशयाची नळी कुणात मुख्य नळीला वरच मिळते, कुणात तिला चिकटून बरीच खाली जाऊन मिळते. चुकून मुख्य नळी कापली गेली तर पोटात पित्त, कावीळ, आणि मग आतडं वर आणून लिव्हरच्या नळीला जोडायचं मोठं ऑपरेशन. म्हणून तर दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, स्वच्छ दिसेपर्यंत कात्री लावायची नाही असा दंडक आहे. आत्याच्या फुगलेल्या नळीत खडा अडकलाय का आणि नळ्या कशा जोडल्यात, दोन्ही एमआरसीपीत दिसतं, त्यात रेडिएशन नसतं.

एक मान्य करतो, नाइलाजानं. साधे खडे असतील आणि नळी नॉर्मल असेल तर बहुतेकदा सोनोग्राफी पुरते, आणि कट प्रॅक्टिसपायी, म्हणजे कमिशनसाठी, लिहिलेल्या तपासण्या होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. डॉक्टरला सरळ विचारा, या स्कॅननं ऑपरेशनमध्ये काय बदलणार? धड उत्तर आलं नाही तर दुसऱ्याचं मत घ्या. पण न विचारताच कॅन्सल कसलं करता?

दुसरा मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. ‘अपेंडिक्स फक्त उजवीकडे दुखते, डावीकडे दुखले तर गॅस, एरंडेल घ्यावे.’ अहो, नेहमीच्या अपेंडिक्सचं दुखणंसुद्धा बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होतं आणि मग उजवीकडे सरकतं. तिचं टोक कुणात मोठ्या आतड्याच्या मागे, कुणात खाली ओटीपोटात. काहींचं आतडं गर्भात पूर्ण फिरतच नाही, अपेंडिक्स डावीकडेच राहते, आणि साधारण दहा हजारांत एकाचे छाती-पोटातले सगळे अवयव आरशात दिसावेत तसे उलटे असतात. (एक्स-रेवर उजव्या-डाव्या बाजूची खूण आम्ही लावतो ती यासाठीही, नाहीतर उजवीकडचं हृदय बघून फिल्म उलटी लावली असंच वाटेल.) सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाबाचं औषध म्हणजे ती फुटायला मदत. आमच्याकडे मोहोळ, अक्कलकोटकडनं माणसं दोन-दोन दिवस घरगुती उपाय करून येतात, तेव्हा सीटीत पोटात पू दिसतो. दुखणं वाढतंय, ताप आहे, उलट्या होतायत, पोट कडक लागतंय तर कुठल्याही बाजूला दुखू दे, रात्रीच निघा.

तिसरा, ‘अवयव उलटे असलेला फार जगत नाही’. अमेरिकेत ओरेगनच्या रोझ मारी बेंटली ९९ वर्षं जगल्या, देहदान केलं, आणि २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी शरीर उघडलं तेव्हा हृदय डावीकडे पण पोटातले अवयव उलट्या बाजूला! त्यांच्यासारख्या रचनेत पुष्कळदा हृदयाचे गंभीर दोष असतात हे खरं, पण सगळंच उलटं असेल तर बहुतेक लोक नॉर्मल आयुष्य जगतात.

चौथा, ‘जुळलेल्या किडन्या म्हणजे आईने ग्रहणात भाजी चिरली’. यावर काय बोलायचं. गर्भात किडन्या खाली ओटीपोटात तयार होतात आणि वर सरकतात, पण खालची टोकं जोडली गेली तर मधली एक धमनी आडवी येते आणि त्या तिथेच अडतात. साधारण पाचशेत एकाला असतं. आईला बोल लावणं बंद करा.

मात्र किडन्या अशा जुळलेल्या आहेत हे सर्जनला आधी कळायलाच हवं, मुतखड्यासाठी पाठीतून सुई कुठून घालायची तेच बदलतं. तेव्हा रिपोर्टात ‘व्हेरियंट’ (म्हणजे वेगळी रचना) किंवा ‘हॉर्सशू किडनी’ (म्हणजे याच जुळलेल्या किडन्या) असं काही लिहिलेलं असेल तर घाबरू नका, त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनच्या, ऑपरेशनच्या आधी तो दाखवा.