गॅप झाकण्याबद्दल

गेल्या रविवारी आमच्या आजोळच्या ग्रुपवर दिवसभर एकच विषय चालला होता. माझ्या मावसभावाची नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातली नोकरी मार्चमध्ये सुटली, त्याला आता सात महिने झाले. वय ३९, क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या विभागात, पंधरा वर्षं, दोन मुलं शाळेत, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू. मोठ्या मामांनी तोडगा काढला: ओळखीच्या वर्कशॉपमधून अनुभवाचं पत्र घेऊ, तारखा जुळवू, म्हणजे बायोडेटात गॅप दिसायची नाही. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तो मात्र गप्प होता.

इकडे जर्मनीत माझा केअरवोखेचा, म्हणजे इमारतीचा जिना साफ करायच्या पाळीचा, आठवडा होता. जिना पुसता पुसता मी ते वाचलं आणि बादली बाजूला सारून पायरीवरच बसले. रागाने भराभर लिहिलं. मामांचं उत्तर लगेच आलं, "तिकडचं तिकडे, बाई."

तर मामांच्याकडचंच, म्हणजे भारतातलंच, आधी सांगते. २०१४ पासून पीएफला प्रत्येकाचा एकच यूएएन नंबर असतो. कोणत्या कंपनीत कधी लागलास, कधी सुटलास, हे सगळं त्या नंबराखाली दिसतं. नव्या कंपनीच्या एचआरने सर्व्हिस हिस्टरी मागितली की वर्कशॉपच्या पत्रातले सात महिने तिथे कुठेच नसतात. पगाराची स्लिप नाही, बँकेत जमा नाही, फॉर्म १६ नाही. ज्या माणसाने पंधरा वर्षांत रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, एक खोटा आकडा लिहिला नाही, त्याला आपण वयाच्या चाळिशीला खोट्या कागदावर सही घ्यायला पाठवतोय. आणि हे पकडलं जातं ते बहुतेक वेळा रुजू झाल्यावर, म्हणजे घरात पेढे वाटून झाल्यावर.

माझ्या खालच्या मजल्यावर एक बेकर राहायचा. वीस वर्षं पहाटे दोनला उठून पाव भाजले आणि शेवटी पिठानेच त्याची छाती धरली. बेकर लोकांना होणारा हा दमा इथे धंद्याचा आजार म्हणून धरतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो उमशूलुंगला, म्हणजे नवा धंदा शिकवणाऱ्या कोर्सला, बसला, वर्गात निम्म्या वयाची पोरं, आणि आज तो एका गोदामाचा हिशोब सांभाळतो. त्याच्या लेबेन्सलाउफमध्ये, म्हणजे बायोडेटात, आजारपण एका ओळीत आहे आणि नवं शिक्षण पुढच्या ओळीत. इथल्या लोकांना गॅप आवडते असं नाही, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. पण उत्तर तयार असतं आणि ते खरं असतं. नोकरी तीन महिन्यांच्या आत जाणार असेल तर कळल्यापासून तीन दिवसांत आगेन्टूरला, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीला, कळवायचं, असा इथे नियमच आहे. तीन दिवस! आमच्याकडे सख्ख्या भावाला कळायला तीन महिने लागतात.

मामा म्हणतील, तिथे सरकार पैसे देतं. देतं. हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७, आणि तेही साधारण वर्षभर. नाशिकमध्ये माझ्या भावाला यातलं काही नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच तर त्याच्याकडे खोटेपणात घालवायला वेळ नाही.

ग्रुपवरच्या भाचेमंडळींचं म्हणणं वेगळंच होतं. क्वालिटीत आता काही राहिलं नाही, सहा महिन्यांचा डेटाचा कोर्स कर, प्लेसमेंटची हमी आहे, पीएफ काढून फी भर. मला मामांइतकाच याचाही राग आला, कारण दोघं सांगतायत ते एकच: तू जो आहेस तो पुसून टाक.

मी स्वतः सातपूरला नऊ वर्षं इन्स्पेक्शनला होते. त्यामुळे त्याला काय येतं ते मला माहीत आहे. ड्रॉइंग वाचता येतं, सीएमएम हे पार्टची मापं घेणारं मशीन चालवता येतं, ऑडिटला कागद उभे करता येतात, आणि चुकलेला लॉट थांबवायची हिंमत आहे, जी कोर्समध्ये शिकवत नाहीत. लाइन बदलायची तर यातलं एक टोक हातात धरून बदलायची. कॅलिब्रेशनची लॅब, म्हणजे मोजायची साधनं तपासणारी लॅब, हा एक रस्ता आहे. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता टिकवायला त्यांना आयएसओ १७०२५ हे लॅबसाठीचं मानक समजणारी माणसं लागतात, आणि मोजमापाची शिस्त त्याला नव्याने शिकवावी लागणार नाही. दुसरा रस्ता घराच्या आणखी जवळ आहे. आता ऑक्टोबर छाटणी चालू आहे. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीच्या द्राक्षाची पॅकहाउसं नव्या वर्षात भरात येतील. २०१० साली एका रसायनाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती आणि कितीतरी बागाईतदार त्यात बुडाले. तेव्हापासून रेसिड्यूचे रिपोर्ट, प्री-कूलिंगचं तापमान, कोणती पेटी कोणत्या बागेतली याची नोंद, हे सगळं काटेकोर झालं. हे काम पंधरा वर्षं लॉट नंबर सांभाळलेल्या माणसाचं नाही तर कुणाचं? मार्चमध्ये इथल्या दुकानात पाचशे ग्रॅमची डबी मी उलटी करून बघते. इंडिया लिहिलेलं दिसलं की घेते, चव बघत नाही.

बायोडेटा त्याने मला पाठवला, चार पानी. पहिल्या पानावर करिअर ऑब्जेक्टिव्ह आणि वडिलांचं नाव, छंद वाचन व क्रिकेट. सीएमएमचा उल्लेख तिसऱ्या पानावर. मी म्हटलं, रे, एक पान कर, फार तर दोन. वरच लिही की कोणते पार्ट तपासत होतास, किती मायक्रॉनच्या टॉलरन्सचे, तुझ्या हाताखाली किती जण होते, रिजेक्शन किती होतं आणि कितीवर आणलंस. 'मेहनती' आणि 'टीम प्लेअर' काढून टाक. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे कागद अजून आले नसतील तर आधी ते मिळव, युनिट बंद पडलं की सही करायला माणूस सापडत नाही. नोकरीच्या साइटवर दोनशे अर्ज टाकण्यापेक्षा जे व्हेंडर तुझ्याकडून माल पास करून घ्यायचे त्यांतल्या दहा जणांना फोन कर. तू नडायचास, म्हणूनच तू त्यांच्या लक्षात आहेस. आणि मुलाखतीच्या आधी पैसे मागणारा कन्सल्टंट असेल तर जिना उतरून खाली ये.

मामींनी तिसरी सूचना केली होती: ताई आहे ना तिकडे, त्यालाही घेऊन जाईल. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मला नाशिकहून असे फोन येतात. जमतं, पण भाषा आधी. कारखान्यात बी१ पातळीच्या जर्मनशिवाय सुपरवायझरशी भांडतासुद्धा येत नाही. नोकरी शोधायला येण्यासाठी २०२४च्या जूनपासून शान्सेनकार्टे नावाचा गुणांवर मिळणारा परवाना आहे, त्यात चाळिशीपर्यंतच वयाचा गुण मिळतो आणि वर्षभराच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. एजंट गाठायचाच तर तो ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नियमाने त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. चार-चार लाख मोजून बसलेले लोक मला विचारतात की आता काय करू, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामा परत तेच म्हणाले. तिकडचं तिकडे. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलंच नव्हतं.

२०२० साली माझी नोकरी गेली. प्रोबेत्साइटचा, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेच्या काळाचा, पाचवा महिना होता, दोन आठवड्यांची नोटीस, संपलं. पुढचे आठ महिने मी घरी होते आणि इंदिरानगरला आईला सांगत होते, "वर्क फ्रॉम होम आहे गं." सगळं जग घरी बसलं होतं, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. व्हिडिओ कॉलच्या आधी मी चांगला कुडता घालायचे, मागे लॅपटॉप उघडा ठेवायचे. आई सोसायटीत सांगायची, मुलगी जर्मनीत मोठ्या कंपनीत आहे, आणि मला ते मोडवत नव्हतं. मामांच्या त्या वर्कशॉपच्या पत्रात आणि माझ्या कुडत्यात काय फरक होता?

आगेन्टूरच्या बाईला मात्र मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, न अडखळता. खालच्या बेकरला सांगितलं. बेकरीतल्या रांगेत उभ्या शेजारणीला सांगितलं. इतकी वर्षं मी याला इथला मोकळेपणा समजत आले आणि नाशिकच्या लोकांना त्यावरून सुनावत आले. खरं तर इथे मला लाज वाटली नाही, कारण मला जिच्यासमोर लाज वाटावी अशी इथे एकही व्यक्ती नव्हती. बारा वर्षांहून जास्त झाली मला इथे येऊन. तशी सगळी माणसं अजून पाथर्डी फाटा ते इंदिरानगर एवढ्याच अंतरात राहतात.

सोमवारी भावाने नवा बायोडेटा पाठवला. दीड पान. गॅपच्या जागी त्याने लिहिलं होतं, 'वैयक्तिक कारणामुळे'. मी ते खोडून लिहून दिलं: 'मार्चमध्ये युनिट बंद झालं. तेव्हापासून नोकरीच्या शोधात. दरम्यान आयएसओ १७०२५चा अभ्यास चालू.' अभ्यास खरंच चालू आहे, त्याने वहीचा फोटो पाठवला.

मग ग्रुपवर मी माझे आठ महिने लिहिले, तारखांसकट. मामांनी काही म्हटलं नाही. भावाने फक्त "ताई" एवढंच लिहिलं. आईने मेसेज वाचलाय, एवढं दिसतंय. इथे रात्रीचे साडेआठ झालेत, म्हणजे तिकडे बारा वाजले. तिचा दिवा अजून चालू असेल.